केशवराव भोळे

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामास येते, तेव्हा सारे गाव अभंगांनी दुमदुमते. हे अभंग रुपेरी पडद्यावर आणण्याचे अवघड काम पुण्याच्या प्रभात कंपनीत केशवराव भोळे यांच्याकडे आले.

केशवरावांचा जन्म १८९६ साली अमरावतीस झाला. गाण्यापायी त्यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडले. 'एकलव्य' या नावाने ते नामवंत गायकांच्या गुणदोषांचे परखड विवेचन करीत. दुसऱ्यांची परीक्षा घेणारा हा टीकाकार १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला चाली देऊन स्वतःच परीक्षेस बसला! १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटात तर कसोटी मोठीच होती. कारण श्रोता स्वतः अभंग गाणारा. केशवरावांनी भजनाचा साधेपणा राखला. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेला नवा अभंगही पुष्कळांना तुकोबांचाच वाटला.