विश्लेषण : लंडनमध्ये स्वतंत्र, अँटिग्वात गुलाम… मेरी प्रिन्स यांच्यासमोर कोणता पेच होता?

कॅरेबियन परिसरातील ग्रँड टर्क हे बेट जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे. टर्क्स अँड केकॉस या ब्रिटिश प्रदेशाची राजधानी याच बेटावर आहे. आज इथे क्रूझ जहाजे येतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र इथे एकच मोठा धंदा होता, मिठाचा. उत्तर अमेरिकेत मासे खारवण्यासाठी लागणारे मीठ इथल्या मिठागरांतून जायचे आणि ते काढायचे काम गुलामांकडे होते. त्या कामाचा आतून दिलेला तपशील आज वाचायला मिळतो, तो मेरी प्रिन्स यांच्यामुळे.

मिठागरात कशा पोहोचल्या?

मेरी यांचा जन्म १७८८ मधला, अटलांटिकमधील बर्म्युडा बेटावरचा. आईवडील दोघेही गुलाम. वयाच्या बाराव्या वर्षी भर बाजारात त्यांचा लिलाव झाला. किंमत ५७ पौंड. त्याच दिवशी दोन बहिणींनाही वेगवेगळ्या मालकांनी विकत घेतले. पुढे मेरी यांना ग्रँड टर्कला पाठवण्यात आले, कारण तिथली मिठागरे बर्म्युडाचेच मालक चालवत होते.

पहाटे चारला काम सुरू व्हायचे. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून अंधार पडेपर्यंत मीठ ओढायचे. जेवण म्हणजे उकडलेला मका. पायांना फोड येत, ते हाडापर्यंत चिघळत. थकून मागे पडणाऱ्याला फटके. सुमारे दहा वर्षे त्या इथे होत्या. पुढे जडलेल्या संधिवाताचे मूळ बहुधा याच पाण्यात असावे.

लंडनमध्ये काय घडले?

१८१५ मध्ये अँटिग्वातील जॉन वूड यांनी त्यांना ३०० डॉलरला विकत घेतले. तिथे मेरी मोरेव्हियन चर्चमध्ये वाचायला शिकल्या आणि १८२६ मध्ये डॅनियल जेम्स या स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागिराशी त्यांनी लग्न केले. १८२८ मध्ये वूड कुटुंबाने त्यांना लंडनला नेले. संधिवाताने हात चालत नसताना कपड्यांचे ढीग धुवायला लावले जात. अखेर मेरी घराबाहेर पडल्या.

खरा पेच इथे सुरू झाला. इंग्लंडच्या भूमीवर त्यांना कोणी जबरदस्तीने परत नेऊ शकत नव्हते. पण अँटिग्वात पाऊल ठेवताच त्या पुन्हा वूड यांची मालमत्ता ठरणार होत्या. म्हणजे स्वातंत्र्य हवे तर नवरा सोडायचा आणि नवरा हवा तर स्वातंत्र्य! पैसे घेऊन मुक्त करण्याचा प्रस्तावही वूड यांनी फेटाळला. १८२९ मध्ये मेरी यांच्या वतीने ब्रिटिश संसदेत अर्ज गेला, पण उपयोग झाला नाही.

मग त्यांनी आपली कहाणी सांगितली. सुझाना स्ट्रिकलंड यांनी ती लिहून घेतली आणि गुलामगिरीविरोधी संघटनेचे सचिव थॉमस प्रिंगल यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये छापलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे हे पहिले आत्मकथन मानले जाते. वर्षभरात तीन आवृत्त्या निघाल्या.

पुस्तकात काय नव्हते?

पुस्तकावरून अब्रुनुकसानीचे दोन खटले झाले. १८३३ मध्ये मेरी स्वतः साक्षीला उभ्या राहिल्या. लग्नाआधी एका गोऱ्या कॅप्टनशी असलेले सात वर्षांचे संबंध त्यांनी न्यायालयात उघड सांगितले. छापील पुस्तकात त्याचा पत्ता नव्हता. मदत करणाऱ्या सुधारकांनाही निष्कलंक पीडिताच हवी होती, हे यातून दिसते. वूड यांचा दावा मान्य झाला, कारण अँटिग्वातून साक्षीदार आणणे प्रिंगल यांना जमले नाही. भरपाई मात्र किरकोळ, २५ पौंड.

बर्म्युडाने २०१२ मध्ये मेरी यांना राष्ट्रीय वीराचा मान दिला.

गुलामगिरी बंद करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. बहुतेक वसाहतींनी मुक्त झालेल्यांवर आणखी काही वर्षे सक्तीची उमेदवारी लादली. अँटिग्वाने ती अट न घालता त्याच दिवशी सर्वांना मुक्त केले. डॅनियलकडे परतण्यातला कायद्याचा अडथळा त्या दिवशी संपला. मेरी यांची शेवटची नोंद १८३३ मधली, त्या साक्षीची आहे.