हॅरी पोप

हॅरी मेल्विल पोप (इ.स. १८६१ – इ.स. १९५०) हे अमेरिकन नेमबाज आणि रायफलच्या नळ्या तयार करणारे कारागीर होते. शिशाची गोळी वापरणाऱ्या लक्ष्यवेधी रायफलींच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. नळीच्या तोंडाकडून गोळी बसवायची आणि एकच पितळी पुंगळी प्रत्येक वेळी पुन्हा भरून वापरायची, ही पद्धत त्यांनी परिपूर्ण अवस्थेला नेली. वापरलेल्या पुंगळीतूनही अत्यंत अचूक काडतूस तयार होऊ शकते, हे त्यांच्या रायफलींनी स्पर्धांच्या मैदानावर दाखवून दिले.

प्रारंभिक जीवन

पोप यांचा जन्म न्यू हॅम्पशायर राज्यातील वॉलपोल येथे झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे ते कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे सायकल उद्योगात कामाला लागले. कोलंबिया या नावाने सायकली बनवणारी तेथील कंपनी त्यांच्याच नात्यातील अल्बर्ट पोप यांची होती. नोकरी सांभाळून मोकळ्या वेळात ते नेमबाजी करत. बाजारात मिळणाऱ्या नळ्यांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच नळ्या कोरण्यास सुरुवात केली.

शुत्झेन नेमबाजी

त्या काळी अमेरिकेत जर्मन स्थलांतरितांनी रुजवलेली शुत्झेन नेमबाजी लोकप्रिय होती. यात नेमबाज उभ्याने, कोणत्याही आधाराविना, २०० यार्डांवरील (सुमारे १८३ मीटर) वर्तुळांकित लक्ष्यावर एकेक गोळी झाडत असे. दोन गोळ्यांच्या मध्ये पुरेसा वेळ मिळत असल्याने काडतूस जागेवरच भरणे शक्य होते. .३२-४० हे या खेळातील आवडते काडतूस होते. त्यातील पहिला आकडा इंचातील व्यास आणि दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधील मूळ वजन दर्शवतो.

पोप यांची भरणपद्धती

गोळी झाडली की दारूच्या वायूच्या दाबाने पितळी पुंगळी फुगून रायफलच्या कोठीच्या भिंतींना चिकटते आणि दाब ओसरताच किंचित आकसते. अशा पुंगळीला त्या विशिष्ट कोठीचा आकार मिळालेला असतो. कारखान्यातून आलेली नवी पुंगळी कोणत्याही रायफलमध्ये बसावी म्हणून थोडी सैल ठेवलेली असते. त्यामुळे एकदा वापरलेली पुंगळी त्याच रायफलमध्ये नव्या पुंगळीपेक्षा नेटकी बसते. शुत्झेन काडतुसांतील दाब तुलनेने कमी असल्याने पुंगळी पुन्हा दाबून मूळ मापात आणण्याची गरज सहसा पडत नसे आणि ती दीर्घकाळ टिकत असे.

यामुळे नेमबाज संपूर्ण स्पर्धेसाठी एकच पुंगळी वापरत. झाडलेली पुंगळी बाहेर काढून तिच्या बुडातील निकामी प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारी लहान टोपी, ठोकून काढली जाई. तेथे नवा प्रायमर बसवून मापाने दारू भरली जाई. पुंगळीच्या कडेवर खूण करून ती दर वेळी त्याच बाजूने कोठीत घालण्याचीही प्रथा होती. पुंगळ्यांची जाडी आणि आतील जागा यांत थोडाफार फरक असतोच. एकाच पुंगळीमुळे तो फरक नाहीसा होई.

गोळी मात्र या पुंगळीत बसवली जात नसे. नळीच्या तोंडावर एक सुटे, तंतोतंत जुळणारे खोटे तोंड बसवून त्यातून गोळी आत ढकलली जाई आणि गजाने पुंगळीच्या जागेपर्यंत नेली जाई. अशा रीतीने गोळीच्या बुडाची कड अभंग राहत असे. बुडाला इजा झाल्यास नळीबाहेर पडताना वायू एका बाजूने निसटतो आणि गोळी मार्ग सोडते. खोटे तोंड काढायचे विसरून गोळी झाडली जाऊ नये, यासाठी त्यावर नेम धरण्याची रेषा अडवणारी पट्टी असे.

नळीची रचना

पोप यांच्या नळ्यांत सामान्यतः आठ रुंद खाचा आणि त्यांच्यामध्ये अरुंद कंगोरे असत. खाचांचा पीळ डावीकडे असून तोंडाकडे जाताना तो क्रमशः वाढत असे. नळीचा आतील व्यास तोंडाशी किंचित कमी ठेवलेला असे. प्रत्येक नळी आतून शिशाच्या दट्ट्याने हाताने घासली जाई.

स्टीव्हन्स कंपनी आणि भूकंप

इ.स. १९०१ मध्ये पोप यांचा व्यवसाय मॅसॅच्युसेट्समधील जे. स्टीव्हन्स कंपनीकडे गेला. ते स्वतःही तेथे रुजू झाले आणि स्टीव्हन्स-पोप या नावाने नळ्या विकल्या जाऊ लागल्या. काही वर्षांतच त्यांनी ती कंपनी सोडली. त्यानंतर त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे नवी कार्यशाळा उघडली. १८ एप्रिल १९०६ रोजीच्या भूकंपात आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत ती नष्ट झाली. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली.

उत्तरायुष्य

पूर्वेकडे परतल्यावर पोप यांनी न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे कार्यशाळा थाटली आणि पुढील अनेक दशके तेथेच काम केले. घाईने नळी पूर्ण करण्यास ते तयार नसत, त्यामुळे ग्राहकांना दीर्घकाळ वाट पाहावी लागे. गोळीच्या उड्डाणावर प्रयोग करणारे डॉ. फ्रँकलिन मान यांच्यासाठीही त्यांनी नळ्या तयार केल्या. मान यांचा या विषयावरील ग्रंथ इ.स. १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

धूरविरहित दारू, धातूचे आवरण असलेल्या गोळ्या आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातील जर्मनविरोधी वातावरण यांमुळे शुत्झेन नेमबाजी ओसरली. पोप यांनी .२२ व्यासाच्या रायफलींसाठीही नळ्या केल्या. त्या रायफलींच्या काडतुसांत स्फोटक द्रव्य पुंगळीच्या कडेतच असते व आघाताने कड चेपली जाते. त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. इ.स. १९५० मध्ये पोप यांचे निधन झाले.

वारसा

नळीच्या तोंडाकडून गोळी भरण्याची पद्धत आज मोजके हौशी नेमबाजच वापरतात. तिच्यामागील तत्त्व मात्र कायम आहे. टेबलावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धांतील नेमबाज मोजक्या निवडक पुंगळ्या त्यांच्याच रायफलच्या कोठीला जुळवून घेतात आणि स्पर्धेच्या ठिकाणीच त्या पुनःपुन्हा भरतात. पोप यांच्या नळ्या असलेल्या रायफली संग्राहकांकडे जतन केलेल्या आढळतात.