डोळे जाता जाता वाचले, पुढे पक्ष्यांचे फोटो जगभर गाजले : कोण होते लोक वान थो?

लातूरच्या एखाद्या शेतात तारेवर बसलेल्या कोतवालाचा फोटो काढून बघा. पक्षी दिसतच नाही, नुसती काळी आकृती दिसते. कॅमेरा मागच्या लख्ख आभाळाचा उजेड धरतो आणि काळी पिसं अंधारात जातात. मागे बर्फ आणि उजेड सांजेचा असेल तर आणखी पंचाईत. पांढरा बर्फ करडा येतो आणि त्यावरचा डोमकावळा म्हणजे नुसता डाग. अशा वेळी एक्सपोजर बर्फाचं नाही, पक्ष्याचं धरावं लागतं.

आज मोबाईलवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वाढवता येतो. फिल्मच्या काळात फोटो फसलाय हे फिल्म धुतल्यावरच कळायचं. त्या काळात पक्ष्यांच्या फोटोंसाठी नावाजलेला एक माणूस म्हणजे लोक वान थो. ('लोक' हे त्यांचं आडनाव. चिनी पद्धतीत ते आधी येतं.)

जन्म 1915 चा, क्वालालंपूरचा. वडील लोक यू कथील आणि रबराच्या धंद्यातले बडे धनिक. मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आतच ते गेले. शिक्षण स्वित्झर्लंड आणि केंब्रिजला झालं. परत येऊन सिंगापूरमध्ये कॅथे ही इमारत आणि थिएटर उभं केलं.

फेब्रुवारी 1942. जपानी फौजा सिंगापूरच्या दाराशी होत्या. लोक ज्या जहाजातून निघाले, त्या 'नोरा मोलर'वर बॉम्ब पडले. ते भाजले, काही काळ दिसेनासं झालं. 'होबार्ट' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने वाचलेल्यांना उचललं. दृष्टी परत आली आणि लोक भारतात, मुंबईत पोहोचले.

इथे त्यांना सलीम अली भेटले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सलीम अलींनी 1931-32 मध्येच केली होती. नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते. युद्धामुळे अडकलेला हा श्रीमंत तरुण सलीम अलींसोबत कच्छसारख्या भागात फिरू लागला. पक्षी ओळखणं, घरट्यापासून बेताच्या अंतरावर आडोसा उभारणं आणि मग तासन्‌तास गप्प बसणं. पैशाने चांगला कॅमेरा येतो, पण हे बसणं विकत मिळत नाही.

युद्ध संपल्यावर ते सिंगापूरला परतले. कॅथेचा सिनेमाचा कारभार हाँगकाँगपर्यंत वाढवला, पण पक्षी सोडले नाहीत. 1957 मध्ये त्यांचं 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' हे पुस्तक आलं. सलीम अलींच्या कामाला ते पैसेही पुरवत राहिले.

20 जून 1964 ला तैवानमध्ये विमान कोसळलं. लोक आणि त्यांच्या पत्नी त्यात गेल्या. आशियाई चित्रपट महोत्सवासाठी ते तिथे आले होते. वय फक्त 49.

सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडी 'हँडबुक'चा पहिला खंड आला 1968 मध्ये. तो लोक यांना पाहता आला नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षीविषयक पुस्तकमालेवर आजही सलीम अलींच्या शेजारी त्यांचं नाव आहे.