दारूवरचा कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यानं स्कॉटलंडच्या तळ्यांची नावं लिहून घेतली

'लॉक नेस'चा राक्षस सगळ्यांना माहितीये. त्यातलं 'लॉक' म्हणजे गेलिक भाषेतलं 'लॉख'. अर्थ, तळं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. त्यातल्या नॉर्थ युइस्ट बेटावर तर तळ्यांचा नुसता सडा पडलाय. यातल्या लहान लहान तळ्यांनाही नावं आहेत. कुठलं पक्ष्यांचं तळं, कुठलं गढीचं तळं. गढीचं का? तर तळ्यातल्या बेटावर जुनी दगडी गढी आहे म्हणून. 'लॉख लांगवट'मधलं 'लांगवट' हे व्हायकिंगांच्या भाषेतलं 'लांब तळं'. त्याला गेलिक लोकांनी पुढे 'लॉख' जोडलं. म्हणजे एकाच नावात तळं दोनदा आणि इतिहास दोन भाषांचा.

पण ही नावं होती लोकांच्या तोंडी. आणि लोकच कमी होत चालले होते. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी कुळांना हुसकावलं, हजारो जण कॅनडाला गेले. माणूस गेला की त्याच्यासोबत तळ्याचं नावही जाणार.

अशात १८७०च्या दशकात सरकारी ऑर्डनन्स सर्व्हे बेटांवर पोचला. एका मैलाला सहा इंच इतका बारीक नकाशा करायचा होता. अडचण एकच, मोजणी करणाऱ्या बहुतेकांना गेलिक येत नव्हतं. मग स्पेलिंग विचारायचं कुणाला? बऱ्याचदा जमीनदार, त्याचा कारभारी नाहीतर पाद्री.

इथे कामाला आले अलेक्झांडर कारमायकल.

१८३२ साली लिस्मोर बेटावर जन्मलेले कारमायकल एक्साइज खात्यात होते. १८६४ ला त्यांची बदली युइस्टला झाली आणि १८८२ पर्यंत ते याच भागात राहिले. कर वसूल करणारा साहेब कुणाला आवडतो? पण हा साहेब गेलिक बोलायचा आणि झोपडीत बसून म्हाताऱ्यांची गाणी, प्रार्थना, गोष्टी उतरवून घ्यायचा. तसंच त्यांनी सर्व्हेसाठी गावोगावची नावंही गोळा केली.

सर्व्हेनं त्यांचं सगळंच ऐकलं नाही. बरीच नावं इंग्रजी वळणाचीच छापली गेली.

१९०० मध्ये त्यांचा 'कार्मिना गडेलिका' हा संग्रह दोन खंडांत आला, फक्त ३०० प्रती. त्यांनी मूळ शब्दांवर जास्तच हात फिरवला, अशी टीका पुढे झाली. तरी त्या संग्रहाशिवाय गेलिक लोकसाहित्याचा अभ्यास पुढे सरकत नाही.

१९१२ मध्ये ते गेले. त्यांची मुलगी एला हिचं लग्न विल्यम वॉटसन यांच्याशी झालं होतं. स्कॉटलंडच्या केल्टिक स्थळनावांवरचा १९२६ चा मोठा ग्रंथ या जावयाचा.

कारमायकल यांच्या वह्या आज एडिनबरा विद्यापीठात आहेत. आणि या बेटांच्या आताच्या नकाशांवर बरीच नावं पुन्हा गेलिकमध्ये दिसतात.