गिअर बदलायला चाक काढावं लागायचं! तुलिओ काम्पान्योलोची गोष्ट

आज बोटाने लिव्हर दाबला की सायकलचा गिअर बदलतो. पण 100 वर्षांपूर्वी रेसमध्ये त्यासाठी चक्क थांबावं लागायचं! हे चित्र बदलणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊया.

तुलिओ काम्पान्योलोचा जन्म 1901 साली इटलीतल्या व्हिचेन्झा शहरात झाला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे हातात पाना लहानपणापासूनच. तरुणपणी तो सायकल रेस करू लागला.

तेव्हा मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रं असायची. एक सपाट रस्त्यासाठी, दुसरं चढासाठी. घाट आला की उतरायचं, नट सोडायचे, चाक उलटं करून पुन्हा बसवायचं.

यात खरी अडचण ग्रुपची होती. ग्रुपमध्ये पुढचे रायडर वारा अडवतात, म्हणून मागच्याला कमी ताकद लागते. एकदा ग्रुप निसटला की सगळा वारा एकट्याच्या अंगावर! लवकर थांबलात तर उरलेल्या सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमुळे मागे पडणार, उशिरा थांबलात तर चढावर पाय भरून येणार.

असं सांगतात, की नोव्हेंबर 1927 मध्ये क्रोचे द'औने घाटात बर्फ पडत असताना तुलिओची बोटं इतकी गारठली की नट सुटेचना, आणि बाकीचे पुढे निघून गेले. मग त्याने नटाऐवजी लिव्हर लावला. एका झटक्यात चाक मोकळं! यालाच आपण आज क्विक रिलीज म्हणतो. 1933 साली त्याने स्वतःची कंपनी सुरू केली.

पुढचं पाऊल म्हणजे काम्बिओ कोर्सा. यात सायकल चालू असतानाच एक हात मागे नेऊन एका लिव्हरने चाक सैल करायचं, पेडल उलटं फिरवायचं आणि दुसऱ्या लिव्हरने चेन सरकवायची. 1948 ची टूर द फ्रान्स जिनो बार्तालीने याच गिअरवर जिंकली. थांबणं संपलं, पण गर्दीत एका हाताने हे सगळं करणं धोक्याचंच होतं.

1950 च्या आसपास ग्रान स्पोर्ट आला. केबल ओढली की मागचा डिरेल्युअर चेन बाजूला ढकलतो. चाक सैल करायची किंवा उलटं पेडल मारायची गरजच नाही. आजही बहुतेक गिअरच्या सायकली याच तत्त्वावर चालतात.

1983 साली तुलिओ गेला. ग्रुपमध्ये योग्य गिअर निवडणं आजही कौशल्याचंच काम आहे: चढ किंवा वळण येण्याआधीच गिअर हलका करा, म्हणजे पुढच्याने वेग वाढवताच तुम्हालाही लगेच वाढवता येईल. फरक इतकाच, की निर्णय चुकला तर आता तो एका क्लिकमध्ये सुधारता येतो.