मोस्ले, मोर्चे आणि नागरी स्वातंत्र्य

ज्याच्या विचारांचा तिटकारा यावा अशा माणसाला रस्त्यावरून मिरवणूक काढू द्यावी काय? ब्रिटनपुढे हा प्रश्न सर ऑस्वल्ड मोस्ले याच्या रूपाने उभा राहिला.

जमीनदार घराण्यात १८९६ साली जन्मलेला मोस्ले १९१८ मध्ये हुजूर पक्षातर्फे संसदेत गेला आणि १९२० मध्ये लॉर्ड कर्झन यांचा जावई झाला. पुढे तो मजूर पक्षात आला व १९२९ च्या सरकारात मंत्री झाला. बेकारीवर त्याने तयार केलेले टिपण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने आजही वाचावे असे आहे. कर्ज काढून सार्वजनिक बांधकामे, वृद्धांना निवृत्तिवेतन देऊन तरुणांसाठी जागा मोकळ्या करणे, आयातीवर नियंत्रण, ह्यांतील पुष्कळसा भाग केन्सलाही पटला होता. परंतु अर्थमंत्री स्नोडेन समतोल अंदाजपत्रकाचे कडवे उपासक. टिपण फेटाळले गेले आणि मे १९३० मध्ये मोस्ले बाहेर पडला. त्याचा नवा पक्ष १९३१ च्या निवडणुकीत पार धुऊन निघाला. तेव्हा त्याने मुसोलिनीचा कित्ता गिरवीत १९३२ मध्ये फॅसिस्ट संघटना काढली. बुद्धिमान माणसाचा अहंकार दुखावला म्हणजे तो कोठवर घसरतो, ह्याचे हे ठळक उदाहरण.

काळे डगले घातलेल्या त्याच्या अनुयायांनी १९३४ च्या जूनमध्ये ऑलिंपियाच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्यांना बेदम मारले. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ते पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून संचलन करणार होते. त्यावर बंदी घालावी अशी विनंती हजारो रहिवाशांनी सह्यांनिशी केली. गृहमंत्र्यांनी ती अमान्य केली. हे गृहमंत्री म्हणजे १९२८ साली आपल्याकडे काळी निशाणे पाहून गेलेले सर जॉन सायमनच! अखेर केबल स्ट्रीटवर लोकांनीच अडथळे रचले, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि पोलीस आयुक्तांनी मोस्लेला माघारी धाडले. दोनच दिवसांनी बर्लिनला गोबेल्सच्या घरी, हिटलरच्या उपस्थितीत, त्याने दुसरा विवाह केला.

मग सायमन यांनी सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा आणला. तो १ जानेवारी १९३७ पासून अमलात आला. राजकीय गणवेशावरील बंदी योग्यच होती, कारण तिचा रोख मतावर नसून खाजगी सैन्यावर होता. मात्र त्याच कायद्याने मिरवणुकाच बंद करण्याचा अधिकारही दिला. पूर्व लंडनमध्ये १९३७ साली राजकीय मिरवणुकांवर बंदी आली, ती डाव्यांनाही लागू झाली.

मे १९४० मध्ये मोस्लेला १८-ब ह्या युद्धकालीन नियमाखाली खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. १९४३ च्या नोव्हेंबरात प्रकृतीच्या कारणास्तव त्याची सुटका झाली, तेव्हा नागरी स्वातंत्र्यासाठी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेनेच तिला विरोध केला. उलट खटल्याविना कारावास लोकशाहीला न शोभणारा आहे, असे चर्चिल यांनी आपल्या गृहमंत्र्यांना कळविले होते. त्याच नियमाखालील लिव्हर्सिज खटल्याचा ऊहापोह आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या हेबिअस कॉर्पस निकालातही झाला.

३ डिसेंबर १९८० रोजी मोस्ले पॅरिसनजीक वारला. पुढल्याच एप्रिलात ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर त्या १९३६ च्या कायद्याखाली लंडनभर मिरवणुकांवर २८ दिवसांची बंदी आली. तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले अण्वस्त्रविरोधी शांततावादी. आणि ते हरले.