वादळाला नाव देणारे पिडिंग्टन साहेब

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म इ. स. १७९७ साली इंग्लंडात झाला. मोठेपणी ते व्यापारी जहाजावर कप्तान झाले. नंतर जहाज सोडून ते कलकत्त्यास राहिले.

मित्रांनो, त्या काळी रेडिओ नव्हता, मोबाईल नव्हता, आभाळात उपग्रह तर नव्हताच. मग वादळ कसं ओळखायचं? साहेबांनी युक्ती केली. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या वह्या ते मिळवायचे. वारा कुठल्या बाजूचा होता, वायुभारमापकातला पारा किती उतरला, हे कप्तान त्यात लिहीत. ते सगळं साहेब नकाशावर मांडून बघत. १८४५ साली मॉरिशसजवळ चार्ल्स हेडल नावाचे जहाज वादळात सापडले. ते पाच दिवस गरागरा फिरत राहिले, जत्रेतल्या चक्रीसारखे! त्यावरून वादळातला वारा गोल फिरतो हे अगदी पक्के दिसले.

१८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक काढले. त्यात वादळाला सायक्लोन हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून ते घेतले. आपण चक्रीवादळ म्हणतो. पुस्तकाबरोबर शिंगाचे पातळ, आरपार दिसणारे तुकडे मिळायचे. त्यावर वाऱ्याची गोल चित्रे होती. तुकडा नकाशावर ठेवला की वादळाचा मधला भाग कुठे आहे ते कप्तानाला समजे आणि जहाज लांब नेता येई. मला ही गोष्ट फार आवडली.

पुढे सरकारने मातला नदीवर नवे बंदर बांधायचे ठरवले. साहेबांना काळजी वाटली. १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना पत्र लिहिले. वादळात वाऱ्यापेक्षा समुद्राचे पाणी जास्त वाईट, ते एकदम आत घुसेल आणि बंदर बुडेल, असे त्यांनी कळवले. पण कोणी ऐकलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पण खबर आधी आली म्हणून गावातली माणसं शाळेत आणून ठेवली होती. तिथे खबर दिली तरी फुकट गेली.

१८५८ साली पिडिंग्टन साहेब वारले. बंदर बांधले, रेल्वे आणली, कॅनिंग असे नाव ठेवले. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला मोठे वादळ झाले, हजारो माणसे गेली. तरीही काम थांबलं नाही. मग १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले, नदीचे पाणी चढले आणि बंदराची नासधूस झाली. थोड्या वर्षांनी सरकारने ते सोडून दिले. कॅनिंगला आजही लोकल गाडी जाते.